गाडी एकच, चालक दोन

ती मुलगी माझ्या टेबलासमोर उभी होती आणि बसायला तयार नव्हती, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नर्सिंग कॉलेजचा पांढरा ॲप्रन घडी करून हातावर टाकलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. मी दोनदा खुर्चीकडे बोट केलं.

"बसले तर घाबरून उठून जाईन, सर. उभ्यानेच सांगते."

"सांग."

"माझ्या आईला ज्याने गाडीखाली घेतलं ना, तो हा माणूस नाही. तुम्ही दुसऱ्यालाच पकडलंय."

अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी त्याच आठवड्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणून हजर झालो होतो. आता निवृत्त झालोय. या गोष्टीतल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. काहींचे खटले अजून संपलेले नाहीत, काही अजून त्याच गल्लीत राहतात.

प्रकरण कागदावर अगदी सरळ होतं. तिची आई मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तयार कपड्यांच्या पॅकिंगला होती. नवरा लवकर गेलेला. घाटकोपरला एका खोलीत मायलेकी राहायच्या. संध्याकाळी काम सुटल्यावर बस पकडायला ती रस्ता ओलांडत होती, तेव्हा वसाहतीतूनच बाहेर पडलेल्या एका मालवाहू टेम्पोने तिला उडवलं. टेम्पो थांबला आणि मग पळाला. एका रिक्षावाल्याने नंबर लक्षात ठेवला, चालकाचं तोंड मात्र त्याला दिसलं नव्हतं. बाईला रुग्णालयात नेलं, मध्येच थोडा वेळ शुद्धीवर आली आणि मग गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोचा मालक स्वतः आपल्या चालकाला घेऊन ठाण्यात आला. चालक म्हणाला, "गाडीवर मीच होतो. घाबरून पळालो." परवाना चोख, विमा चालू, गुन्हा जामीनपात्र. अटक, झडती, वैद्यकीय तपासणी, जामीन. संध्याकाळच्या आत माणूस घरी.

अपघाती मृत्यूत पोलिसांचं काम चालकाला पकडून संपत नाही. अपघाताचा सविस्तर अहवाल आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवतो. त्याची प्रत विमा कंपनीला जाते आणि भरपाईचं दायित्व मान्य आहे की नाही, हे कंपनीने कळवायचं असतं. नोकरीभर मी कंपन्यांची बहुतेक उत्तरं एकाच चालीवर वाचली. चूक पादचाऱ्याची होती. चालकाचा परवाना संशयास्पद आहे. गाडी आमच्याकडची नाही. आमच्याकडची असली तरी त्या दिवशी नव्हती. ही उत्तरं येत राहतात आणि तोवर मृताच्या घरचे वकिलाच्या जिन्यावर बसून असतात. या प्रकरणात मात्र कंपनीने पहिल्याच पत्रात होकार दिला होता. गाडीचा विमा आमच्याकडे, अपघाताच्या दिवशी तो चालू, चालकाकडे योग्य परवाना, सबब दायित्व मान्य. अशा पत्राची वाट बघत बायका म्हाताऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. आणि ही पोरगी तेच पत्र स्वतःच्या हाताने फाडायला आली होती.

"तू कशावरून म्हणतेस हे?" मी विचारलं.

"आई शुद्धीवर आली तेव्हा मी तिथेच होते. ती म्हणाली, 'कोवळं पोर होतं गं. मिशीसुद्धा फुटली नव्हती. खाली उतरला, माझ्याकडे बघून रडायला लागला आणि पळाला.' तुम्ही पकडलेल्या माणसाला केवढी मिशी आहे, सर!"

खरं होतं. फाइलमधल्या फोटोत आमचा चालक पन्नाशीकडे झुकलेला आणि मिशी अशी, की परेडला उभ्या असलेल्या जमादारानेही हेवा करावा.

"मग तुझ्या जबाबात हे का नाही?"

"मामा म्हणाला, नको सांगू."

हळूहळू सगळं बाहेर आलं. टेम्पोचा मालक त्यांच्या घरी सांत्वनाला गेला होता. मामाने भोळेपणाने बहिणीचे शेवटचे शब्द त्याच्यापुढे बोलून दाखवले. मालकाचा चेहरा उतरला, जीभ मात्र उतरली नाही. "जखमी माणूस काहीही बरळतो, दादा. आणि समजा पोलिसांनी चालक बदलला, तर विमा कंपनी त्याच दिवशी हात वर करेल. पोरीला एक रुपया मिळणार नाही. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय." तो गेल्यावर मामाने भाचीला बजावलं, "तोंड उघडू नकोस गं, सगळी वाट लागेल. तुझी फी कोण भरणार? खोली कशी राहणार? आणि ताई परत येणार आहे का?"

"मग आज का आलीस?"

तिने ॲप्रनची घडी या हातावरून त्या हातावर घेतली. "वॉर्डात आम्हाला शिकवतात, पेशंट जे बोलला तेच लिहायचं, नातेवाइकांना काय बरं वाटेल ते नाही. मी रोज दुसऱ्यांच्या आयांचं बरोबर लिहिते, सर. माझ्या आईचं लिहिलं नाही."

मग तिने विचारायचं तेच विचारलं. "भरपाई जाईल ना आता?"

पोलिसाने न्यायाधिकरणाच्या वतीने वचनं द्यायची नसतात. मी म्हणालो, "ते माझ्या हातात नाही. पण भरपाई जाईल असं तुला एका मालकाने सांगितलंय, कायद्याने अजून सांगितलेलं नाही. लिहून घेऊ?"

"घ्या."

तिचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहून घेतला. मरणाऱ्या माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल काढलेले शब्द पुरावा म्हणून धरता येतात, मग ते पोलिसापुढे निघोत की लेकीपुढे. सही केल्यावर ती खुर्चीत बसली. तेवढ्यापुरतीच. तिची ड्युटी होती.

ती गेल्यावर मी अटकेच्या वेळी हजर असलेल्या हवालदाराला बोलावलं. साताऱ्याकडचा गडी, कामाला पक्का, तोंडाला फटकळ.

"त्या चालकाची झडती कोणी घेतली होती?"

"मीच की, साहेब."

"अंगावर काही खुणा?"

"दोन्ही खांदे सोललेले होते. कातडी पार लाल. मी विचारलं, हे काय रं? तर म्हणतो, गाडीच्या पट्ट्याने कापलं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं त्याने."

"पट्टा किती खांद्यांवरून जातो, हवालदार?"

तो हात वर करून उभ्याउभ्याच हवेत पट्टा लावू लागला. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. मग हात तसाच राहिला. "आयला! एकाच."

"आणि हे दोन्ही सोललेले."

"आणि साहेब, टेम्पोवाला पट्टा लावतो हीच मुळात केवढी मोठी थाप!"

मी हसलो नाही, कारण माझं डोकं भलतीकडे धावत होतं. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. वडील गिरणीत होते तेव्हाही आणि गिरणी बंद पडल्यावरही शिमग्याला गावी जाण्यात आमच्या घरात खंड पडला नाही. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवता पालखीत बसून घरोघर येते आणि माणसं ती पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. लाकडी दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर उडवायचा, ढोल वाजतोय तोवर खाली ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट घालवत नाही. कॉलरच्या खाली, दोन्हीकडे, अगदी एकाच जागी कातडी सोललेली असते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या खांद्यांनी भोगलेलं आहे. अपघात झाला तेव्हा होळी पेटून गेली होती आणि कोकणात पालख्या फिरत होत्या.

चालकाला नोटीस देऊन बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर आला. अपघात कसा झाला ते विचारलं.

"बाई अचानक आडवी आली. ब्रेक मारला. गाडी थांबली नाही. घाबरलो. पळालो."

थोड्या वेळाने फिरवून पुन्हा विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. आणखी एकदा विचारलं. पुन्हा तेच. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी विसरतो, काहीतरी नवं त्याला आठवतं, स्वतःलाच दुरुस्त करतो. पाठ केलेला माणूस कधीच काही विसरत नाही. नव्या पोरांना मी हे कायम सांगायचो. अडखळणाऱ्यावर संशय घेऊ नका, न अडखळणाऱ्यावर घ्या.

मी फाइल मिटली आणि तिघांसाठी चहा मागवला. हवालदार भिंतीला टेकून उभा होता.

"गाव कुठलं रे तुझं?"

त्याने नाव सांगितलं. माझ्या गावापासून खाडी ओलांडली की त्याचं गाव.

"म्हणजे तू आमच्याच बाजूचा की! अरे, पण यंदा तुमच्या गावाबद्दल फार वाईट ऐकलं."

"काय ऐकलंत, साहेब?"

"पालखीचं. नाचवायला म्हणे माणसंच नव्हती. तरणी पोरं सगळी मुंबईला. म्हाताऱ्यांनी कशीबशी उचलली आणि जाग्यावर नेऊन ठेवली. आमच्या गावात हसतायत लोक. म्हणतात, त्यांनी पालखी नाचवली की गॅसचा सिलिंडर चढवला?"

हवालदाराने कपात तोंड लपवलं. चालकाच्या मानेची शीर ताठ झाली.

"कोन बोलला?" इतका वेळ बोलत असलेली मुंबईची भाषा एका क्षणात गळून पडली. "कोन बोलला तुमाला? नाव सांगा त्याचा! अवो, फुडच्या दांड्याला मी व्हतो, मी! दोनी खांदे सोलले माजे, पन खाली ठेवली नाय. ढोलवाले दमले, आमी नाय दमलो!"

"वा! कधी रे? मधल्या दिवशी?"

"मधल्या नाय, मोठ्या दिवशी. सांजच्याला, दिवे लागायच्या वक्ताला..."

आणि तो थांबला.

मोठा दिवस, म्हणजे पालखीचा मुख्य दिवस कोणता, ते मला माहीत होतं आणि त्यालाही. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मरोळच्या रस्त्यावर ती बाई टेम्पोखाली गेली होती. हवालदाराने कप अलगद खाली ठेवला.

माणूस दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊ शकतो. शिक्षेला तयार होऊ शकतो. पण गावची पालखी नाचली नाही, हे तो निमूट ऐकून घेऊ शकत नाही. त्या मालकाला हे कळणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त परवाना बघितला होता.

"आता पुढचं सांग," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सांगितलं. रात्री मालकाचा फोन आला. टेम्पो मालकाच्या मुलाने बाहेर काढला होता. मुलगा सज्ञान, पण परवाना नाही. ताबडतोब निघून ये, म्हणाला. हा मिळेल त्या खासगी बसने निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोललेल्या खांद्यांनिशी आमच्या ठाण्यात हजर झाला.

"पैशासाठी केलंस?"

"आईशप्पत नाही, साहेब. पैसे घेतले असते तर झोप तरी आली असती. शेठ म्हणाले, तुझ्याकडे लायसन्स आहे, तू पुढे झालास तर कंपनी त्या पोरीला भरपाई देईल. माझ्या पोराचं नाव आलं तर तिला काहीच मिळणार नाही. आई मेली पोरीची, आता तिच्या पोटावर पाय द्यायचा का, तूच सांग. मी काय सांगणार? मी हो म्हणालो."

माझं रक्त तापलं ते इथे. एकच खोटं या माणसाने दोन घरांत नेऊन विकलं होतं. मुलीच्या घरी जाऊन सांगितलं, खरं बोललात तर भरपाई बुडेल. आपल्या चालकाला सांगितलं, खरं बोललास तर त्या पोरीची भरपाई बुडेल. दोघंही गप्प बसले. एक भीतीने, दुसरा दयेने. आणि दोघांच्या गप्प बसण्यावर याचा मुलगा सुरक्षित! मेलेल्या बाईच्या लेकीची गरज याने भिंत म्हणून वापरली होती. गुन्हे मी पुष्कळ पाहिले. चोरी पाहिली, मारामारी पाहिली. पण परोपकाराचा सदरा घालून येणाऱ्या गुन्ह्याइतका राग मला कशाचाच आला नाही.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. पुरावा बाहेरून हवा. एक उपनिरीक्षक आणि तोच हवालदार, अशा दोघांना मी चालकाच्या गावी पाठवलं. दुपारी हवालदाराचा फोन आला.

"साहेब, इथे पुरावा मागावा लागत नाही. नको म्हटलं तरी दाखवतायत!"

गावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पालखीचा व्हिडिओ होता आणि प्रत्येक व्हिडिओत पुढच्या दांड्याला आमचा चालक. घामाने भिजलेला, गुलालाने माखलेला, मिशी विस्कटलेली. एका म्हाताऱ्याने हवालदाराला विचारलं, "त्याचा काय सत्कार करतायसा काय मुंबयला?"

"तसंच समजा, काका," हवालदार म्हणाला आणि मोबाइल पंचांसमक्ष ताब्यात घेतला.

चालकाच्या फोनची माहिती मोबाइल कंपनीकडून आली. त्या संध्याकाळी फोन गावच्याच टॉवरवर होता. मालकाच्या मुलाचा फोन मरोळमध्ये. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावरच्या रखवालदाराने जबाब दिला की टेम्पो मुलगाच चालवत बाहेर पडला होता. इतके दिवस का बोलला नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही." चालकाचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला. मग मी बापलेकांना बोलावलं.

मालक आत आला तोच मोठ्या आवाजात. "साहेब, मिटलेलं प्रकरण आहे हे. कंपनीने लिहून दिलंय, तारीख लागलीये, पोरीला भरपाई मिळतेय. सगळे खूश आहेत. तुम्हाला नेमकं कोणाचं भलं करायचंय?"

"जी मेली तिचं," मी म्हणालो. "जाताना तिने एक गोष्ट सांगितली होती. ती तुम्ही तिच्या भावाला गिळायला लावलीत."

"कसली गोष्ट? तुम्ही पुरावा दाखवा, पुरावा!"

मी हवालदाराकडे बघितलं. त्याने व्हिडिओ लावला. ढोलाचा आवाज खोलीत घुमला. मालक बघत राहिला, आणि त्याच्या मागे उभा असलेला मुलगा मात्र व्हिडिओकडे बघतच नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. खरंच कोवळं पोर होतं. अठरावं नुकतंच सरलेलं.

"पप्पा, बस झालं आता."

"तू गप्प बस रे!"

"नाही बसत. किती दिवस गप्प बसू?" मग तो माझ्याकडे वळला. "मी उतरलो होतो, सर. त्यांनी पाणी मागितलं माझ्याकडे. माझ्या हातात बाटली होती. मी दिली नाही. पळालो."

पुढचं सगळं मुलाने सांगितलं, आणि मला सांगायला हवं की ते सांगताना तो अनेकदा अडखळला.

मुलाला आरोपी केलं. मालकावर पुरावा दडवल्याचा आणि खोटा माणूस उभा केल्याचा गुन्हा लावला. चालकावर पोलिसांना खोटी माहिती दिल्याची कारवाई झाली. ती टाळायला मी मदत केली नाही आणि त्याने मागितलीही नाही. पण बाईच्या मृत्यूचा डाग त्याच्या नावावरून पुसला गेला. न्यायाधिकरणाला सुधारित अहवाल पाठवला. आणि मग जे होणार होतं ते झालं.

विमा कंपनीच्या अधिकारी ठाण्यात आल्या. हुशार बाई, नेटकी, रागावलेली.

"आम्ही दायित्व मान्य केलं ते परवानाधारक चालक आहे म्हणून. आमची फसवणूक झाली आहे. आम्ही मान्यता मागे घेतोय."

"फसवणूक झाली हे खरं आहे, मॅडम. कोणी केली?"

"गाडीच्या मालकाने."

"त्या मुलीने?"

त्यांनी पर्समधून आपलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"बरं, गाडीचा विमा तुमच्याकडेच ना? का तेही बदललं?"

"नाही. आमच्याकडेच आहे."

"त्या दिवशी चालू होता?"

"होता."

"बाई त्याच गाडीखाली गेली?"

"हो."

"मग तुमच्या पत्रातलं एकच वाक्य खोटं ठरलं, परवान्याचं. ते वाक्य मालकाने तुमच्या गळ्यात मारलं. वसूल करायचं तर त्याच्याकडून करा. त्याचा गुन्हा पोरीच्या ताटात का वाढताय?"

"हे न्यायाधिकरण ठरवेल, साहेब," त्या पर्स उचलत म्हणाल्या. आवाज मात्र आल्या तेव्हापेक्षा खाली आला होता.

"ठरवू दे. मी साक्षीला येतो."

आणि गेलो. कंपनीच्या वकिलांनी मला उलटतपासणीत घेतलं. हसतमुख गृहस्थ होते. "वरिष्ठ निरीक्षक, पहिल्या अहवालात पोलिसांनी एक चालक दाखवला. दुसऱ्या अहवालात दुसरा. तिसरा कधी दाखवताय?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. मी हशा संपू दिला.

"तिसरा नाही, साहेब. चालक दोन झाले, कारण एक उभा केलेला होता. पण गाडी पहिल्यापासून एकच आहे, तिचा विमा एकच आहे आणि मेलेली बाईही एकच आहे. यातलं काही तुमच्या कंपनीला अमान्य असेल तर सांगा, मी त्याचा तपास करतो."

वकील कागद गोळा करून खाली बसले.

मुलीचीही साक्ष झाली. तिला विचारलं गेलं, चालक बदलला तर तुमच्या दाव्याला धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं का? ती म्हणाली, "हो. मला तसंच सांगितलं होतं." मग तरीही पोलिसांकडे का गेलात? तिने न्यायाधिकरणाच्या सदस्यांकडे सरळ बघितलं. "आईने सांगितलं तेच लिहायला हवं होतं म्हणून." त्यांनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले.

निकालाच्या दिवशी मी गणवेशात नव्हतो. रजा टाकून गेलो होतो, कारण तिथे माझं सरकारी काम काहीच नव्हतं. निकाल थोडक्यात असा होता. गाडीचा विमा होता आणि तो चालू होता, ही कंपनीची मान्यता कायम राहील. ती वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थिती मागे घेता येत नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी गेली, हा मालकाने केलेला अटींचा भंग. त्याचा जाब मालकाने कंपनीला द्यावा. त्या भांडणात मृताची मुलगी नाही. सबब कंपनीने भरपाई आधी मुलीला द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी.

बाहेर व्हरांड्यात मामा भिंतीला धरून उभा होता. त्याला इंग्रजीतला निकाल कळला नव्हता, म्हणून मी मराठीत सांगितला. त्याने पुन्हा सांगायला लावला.

"म्हणजे मिळणार? खरं बोलूनसुद्धा?"

"खरं बोलून, मामा," भाची म्हणाली. "सुद्धा नाही."

मामा रडायला लागला. मग हसायला लागला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि घाटकोपरच्या साऱ्या चाळीला एकेक करून कळवू लागला, इतक्या मोठ्याने की शिपायाने येऊन त्याला जिन्याकडे पिटाळलं. कंपनीच्या त्या अधिकारी बाई जाता जाता मुलीपाशी थांबल्या. "अपील करू नये असं मी वरती लिहिणार आहे," म्हणाल्या. आणि त्यांनी तसं लिहिलं. आपण नावं ठेवताना मागेपुढे बघत नाही, तेव्हा हेही लिहायला हवं.

मालक सगळ्यांत शेवटी बाहेर आला. माझ्यापाशी थांबला. "म्हणजे आता सगळं मीच भरायचं का, साहेब?"

"होय," मी म्हणालो. "तुम्हीच."

नोकरीतला इतका गोड शब्द मी क्वचितच उच्चारला असेल.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नंतर प्रशिक्षणाला आलेली पोरं विचारायची. त्यांना वाटायचं मी खांद्यांबद्दल बोलेन, पालखीबद्दल बोलेन. ते झालं चातुर्य. ते कधी जमतं, कधी नाही. शिकलो ते वेगळंच. गरिबाला खोटं बोलायला लावायचं असेल तर त्याला मारावं लागत नाही, धमकवावं लागत नाही. फक्त सांगायचं, की खरं बोललास तर तुझ्या पोराबाळांचं नुकसान होईल. तो गप्प बसतो. वर आपण शहाणपणा केला असं त्याला वाटतं. कायद्याने गरिबापुढे न्याय की भाकरी अशी निवड ठेवलेलीच नाही. ती निवड दलाल ठेवतात, मालक ठेवतात, आणि कायदा वाचता न येणाऱ्याला ती कायद्याच्या नावावर खपवतात. पोलिसाने आधी ही खोटी निवड मोडायची. चोर मग सापडतोच.

म्हणून पुढची सगळी वर्षं, ठाण्यात कोणी हात जोडून म्हणालं की साहेब, खरं सांगितलं तर आमचंच वाटोळं होईल, तर मी गुन्ह्याचं काही विचारायचो नाही. खुर्ची पुढे सरकवायचो आणि विचारायचो, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" जे नाव यायचं, त्याला बोलावणं धाडायचो. बहुतेक वेळा आरोपी तोच निघायचा.